घर विकण्याआधी विजेवर खर्च करायचा, पण नेमका कुठे?

प्रश्न असा आहे : पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला आमचं २००३ सालचं रो हाऊस आहे. तळमजला, वर एक मजला आणि स्वतःची गच्ची. तोंड पश्चिमेला. येत्या गुढीपाडव्याच्या सुमारास विकायला काढायचं आहे. घरात आम्ही दोघंच, दोघंही निवृत्त. उन्हाळ्यात वरच्या खोल्यांत बसवत नाही. विकण्याआधी दीड-दोन लाख खर्चून घर वीज वाचवणारं करावं असं मनात आहे. सोलर बसवू, एसी बदलू की सगळे पंखे बदलू? मुलगा इंग्लंडमध्ये असतो. तो म्हणतो, तिकडे घर विकताना विजेच्या श्रेणीचं प्रमाणपत्र द्यावंच लागतं. आपल्याकडे तसं काही काढता येतं का?

आधी मुलाचं बोलणं. तो बरोबर सांगतोय. इंग्लंडात घर विकायला किंवा भाड्याने द्यायला काढलं की ए ते जी अशा श्रेणीचं ऊर्जा प्रमाणपत्र लागतं आणि ते दहा वर्षं चालतं. आपल्याकडे जुनं घर विकताना असा कुठलाही कागद बंधनकारक नाही. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' आणली, पण तिचा रोख नव्या बांधकामावर आहे. भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला १५ वॉटपेक्षा जास्त नसावी, असं तिचं गणित आहे. तुमच्या २००३ च्या नऊ इंची विटांच्या भिंतींना ते लावत बसू नका. कोणी 'ग्रीन सर्टिफिकेट काढून देतो, घराला पाच लाख जास्त येतील' असं सांगत आला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

मी सत्तावीस वर्षं वायरिंगची आणि गेली बारा-तेरा वर्षं वीजवापर तपासणीची कामं करतो. विकायला काढलेल्या घरांची कामं अधूनमधून येतात. त्यावरून सांगतो : घेणारा माणूस किलोवॉटचे पैसे देत नाही. एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता तो तुमचा जिना चढून वर येतो आणि वरच्या बेडरूममध्ये दोन मिनिटं उभा राहतो. तिथे त्याच्या कपाळावर घाम आला की तो मनातल्या मनात दोन एसींची किंमत आणि पुढच्या दहा वर्षांची बिलं तुमच्या भावातून वजा करतो. तुमचा खर्च त्या दोन मिनिटांवर व्हायला हवा. पंखा किती वॉटचा आहे हे तो बघतच नाही.

म्हणून पहिलं काम गच्चीचं. बाकी सगळं त्यानंतर.

वरच्या खोल्या का तापतात ते समजून घ्या, म्हणजे कारागीर काहीही सांगून गेला तरी तुम्ही फसणार नाही. पाच इंची काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळनंतर ते हळूहळू खाली सोडतो. म्हणून बाहेर गार वारा सुटलेला असतानाही रात्री दहा-अकराला पंख्याखाली गरम झोत येतो. त्या वेळी पंख्याचा दोष नसतो, तो बिचारा छताखालची गरम हवाच तुमच्या अंगावर ढकलत असतो. एप्रिलच्या दुपारी काळवंडलेल्या गच्चीवर मी तापमानाची गन धरतो तेव्हा ५५ ते ६० अंश दिसतात. त्याच गच्चीच्या पांढरा लेप दिलेल्या भागावर चाळिशीच्या आसपास. खालच्या खोलीत हा फरक दोन-तीन अंशांचा उरतो, पण चढत्या उन्हाळ्यात दोन-तीन अंश म्हणजे माणूस बसतो की उठून जातो एवढा फरक.

आत्ता दिवाळी होऊन गेलीय, गच्ची कोरडी आहे, म्हणजे वेळ अगदी योग्य. क्रम मात्र चुकवू नका. आधी बादलीभर पाणी ओतून ढाळ बघा. पाणी कुठे साचतं, पाइपाच्या तोंडाशी किती वेळात पोहोचतं ते पाहा. मग पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, कडेचे गोलवे तपासा, म्हणजे भिंत आणि फरशी मिळते तिथली सिमेंटची गोलाई. बहुतेक गळती तिथूनच होते, मधून नाही. भेगा कापून भरा, गच्ची प्रेशरच्या पाण्याने धुऊन घ्या, दोन-तीन दिवस सुकू द्या आणि मगच पांढऱ्या लेपाचे दोन हात द्या. चांगल्या प्रतीचा उष्णतारोधक लेप मजुरीसकट चौरस फुटाला साधारण पंचवीस ते चाळीस रुपयांत होतो. तुमची गच्ची सहाशे फूट धरली तर पंधरा ते चोवीस हजार. चुन्यात फेविकॉल घालून मारणारेही आहेत. ते स्वस्त पडतं, पहिल्या उन्हाळ्यात काम चोख देतं आणि पहिल्या पावसात वाहून जातं. पुढची पाच वर्षं राहायचं असतं तर मी तुम्हाला चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी, सांगितला असता. विकायच्या घराला तेवढा खर्च कशाला?

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. वरच्या खोलीच्या छताला ओल असेल, कोपऱ्यात लोणा, म्हणजे ओलीने येणारा पांढरा क्षार, फुटला असेल, तर गच्चीवर पांढरा लेप आणि आतून पुट्टी मारून ती लपवू नका. चारेक वर्षांपूर्वी मी एका घराला असा लेप दिला होता. मालकाने ओल आधीच आतून झाकून ठेवली होती, मला ती दिसली नाही. मीही विचारलं नाही, ही माझी चूक. व्यवहार झाला, जुलै आला, छत टपकू लागलं आणि नव्या मालकाचा पहिला फोन मला आला. दोन्ही बाजूंच्या वकिलांचा खर्च गळती काढण्याच्या खर्चापेक्षा जास्त झाला. तेव्हापासून लेप देण्याआधी मी आतलं छत हाताने चाचपून बघतो.

गच्चीनंतर पश्चिमेची भिंत आणि खिडक्या. तुमचं तोंडच पश्चिमेला आहे, म्हणजे दुपारी दोन ते साडेसहा ऊन सरळ दर्शनी भागावर. माझं साधं मत : आतून जाड पडदे लावून उपयोग थोडाच होतो, कारण काचेतून आत आलेलं ऊन घरात आलेलंच असतं. ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर. खिडकीवरचा छज्जा दीड फुटाचा असेल तर दुपारच्या बाराच्या उन्हाला तो पुरतो, मावळतीच्या तिरप्या उन्हाला नाही. वरच्या दोन खिडक्यांना बाहेरून बांबूच्या चिका, म्हणजे पट्ट्यांचे पडदे, किंवा गुंडाळता येणारी शेडनेट लावा. चार-पाच हजारांत काम होतं आणि घर दिसायलाही बरं दिसतं. बाहेरून रंग तसाही द्यायचाच असेल तर फिकट निवडा. सध्या करड्या आणि विटकरी दर्शनी भागांची फॅशन आहे, पण पश्चिमेच्या भिंतीला गडद रंग म्हणजे तव्याला तेल लावण्यासारखं.

खिडक्यांना जाळ्या आहेत का? पुण्याची हवा अजून एवढी दयाळू आहे की बहुतेक रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवल्या तर घर आपोआप निवतं. पण डासांमुळे लोक सातलाच खिडक्या बंद करतात आणि मग एसी लावतात. जुन्या दोन ट्रॅकच्या स्लायडिंगला जाळीसाठी तिसरा ट्रॅक नसतो. संपूर्ण खिडकी बदलू नका, बाहेरून किंवा आतून वेलक्रोच्या वा चुंबकाच्या जाळ्या बसवून घ्या. घर दाखवायच्या दिवशी त्या उघड्या खिडक्यांतून वारा आला पाहिजे, एवढंच.

आता सोलर. तुमचा सगळ्यांत मोठा प्रश्न हाच असणार, आणि माझं उत्तर नकारार्थी आहे. सोलर वाईट म्हणून नाही. मी स्वतः बसवून देतो आणि पोट भरतो. पण तुमचा हिशेब बघा. पीएम सूर्य घर योजनेत, जी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान आहे. म्हणजे तीन किलोवॉटला ७८,००० आणि त्यापुढे कितीही बसवलं तरी तेवढंच. एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चार युनिट मिळतात. तीन किलोवॉट म्हणजे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. तुम्ही दोघं महिन्याला दीडशे युनिटही जाळत नसाल. वर्षाअखेर उरलेल्या युनिटांचे जे पैसे महावितरणकडून मिळतात ते आपण विजेला मोजतो त्या मानाने किरकोळ.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे योजनेची अट. ज्या कुटुंबाने सोलर पॅनेलसाठी आधी अनुदान घेतलेलं नाही त्यालाच ते मिळतं. तुम्ही सोडून जाणाऱ्या घरावर ते वापरून टाकलंत तर पुढच्या घरासाठी काय उरलं? शिवाय पॅनेलच्या मांडणीची आवड-निवड, इन्व्हर्टरची वॉरंटी, कर्ज काढलं असेल तर त्याचा बोजा, नेट मीटरची (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरची) नावबदली, हे सगळं व्यवहारात येतं. ग्राहकाला मात्र त्याच्या आवडीच्या कंपनीचं, त्याच्या गरजेएवढं आणि त्याच्या अनुदानात बसवायचं असतं. त्याला तयारी करून द्या, म्हणजे झालं. गच्चीवर दक्षिणेकडची तीनशे फूट जागा मोकळी ठेवा, तिथे टाकी, डिश, कपड्यांच्या तारा हलवा, आणि गच्चीपासून मीटरपर्यंत एक रिकामा पाइप टाकून ठेवा. दोन-तीन हजारांत 'इथे सोलर बसतं, वायरचा रस्ता तयार आहे' असं दाखवता येतं.

तुमच्या जागी बिल महिन्याला चारशे युनिटचं असतं आणि विक्री तीन-चार वर्षांनी असती, तर मी उलटा सल्ला दिला असता. महावितरणच्या दराच्या पायऱ्याच अशा आहेत की पहिल्या शंभर युनिटांच्या मानाने तीनशेच्या पुढच्या युनिटचा दर दुपटीहून जास्त पडतो. तिथे सोलर वरच्या महागड्या पायऱ्या कापतं.

गच्चीवर जुना सोलर वॉटर हीटर आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्या काळच्या रो हाऊसवर बहुधा असतोच. आणि बहुधा बंद असतो. बोअरच्या पाण्याने नळ्यांत क्षार साचतो, दोन नळ्या फुटतात, मग कोणी तरी बायपास करून गीझरवर टाकतं आणि दहा वर्षं तो सांगाडा वर तसाच. चालू होण्यासारखा असेल तर नळ्या आणि रबरी सील बदलून चालू करा, काही हजारांत होतं. टाकीच गळत असेल तर सरळ भंगारात द्या. मोडकं यंत्र हे नसलेल्या यंत्रापेक्षा वाईट दिसतं. पुणे महापालिका चालू सोलर हीटर, पावसाचं पाणी साठवणं किंवा गांडूळखत यांसाठी मिळकतकरात सवलत देते. एखादा प्रकल्प असेल तर पाच टक्के, दोन असतील तर दहा. तुमच्या बिलावर ती सवलत लागलेली असेल आणि यंत्र मात्र बंद असेल, तर विकण्याआधी ते प्रकरण नीट करा. ग्राहकाचा वकील करपावती वाचतो.

एसी. बारा-पंधरा वर्षांचा खिडकीतला किंवा जुन्या आर-२२ गॅसचा स्प्लिट असेल तर बदलू नका, काढून टाका. नवा पाच स्टार इन्व्हर्टर लावलात तर ग्राहक म्हणणार, आमच्याकडे आमचा आहे, तुमचा घेऊन जा. जागा तयार ठेवा : चार चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर, वीस अँपिअरचा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) आणि पाणी जायला ड्रेन पाइप. भिंतीतलं भोक नीट बुजवलेलं असू द्या. त्या भोकातून कबुतरं आत आलेली मी पाहिली आहेत.

पंख्यांच्या बाबतीत आकडे गोड आहेत. जुना पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, ३० च्या आसपास. रोज बारा तास चालला तर महिन्याला सोळा युनिट वाचतात. तीन हजारांचा पंखा दोन वर्षांच्या आत फिटतो. पण तुम्ही पाच महिन्यांत जाणार, फिटणार कुणाचा? वरच्या दोन खोल्यांत बदला, कारण आवाज न करणारा पंखा आणि रिमोट हे ग्राहकाला लगेच कळतं. बाकीचे राहू द्या. जुन्या चोकच्या ट्यूब मात्र सगळ्या काढा. चाळीस वॉटची ट्यूब चोकसकट पन्नासच्या पुढे जाते, वीस वॉटची एलईडी पट्टी तिच्याहून लख्ख उजेड देते आणि तीनशे रुपयांत येते. घर दाखवताना उजेडाइतकं स्वस्त काही नाही.

यानंतरचं काम फुकटातलं आहे, पण मला ते सगळ्यांत आवडतं. रात्री घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रिजचाही प्लग काढा, इन्व्हर्टर बंद करा. मग मीटरसमोर उभे राहा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ ३२०० किंवा १६०० असा आकडा लिहिलेला असतो, म्हणजे एका युनिटला तेवढ्या वेळा तो लुकलुकतो. ३२०० च्या मीटरवर सगळं बंद असतानाही दर अर्ध्या मिनिटाला दिवा लुकलुकला तर घर जवळजवळ ३७ वॉट कुठे तरी खातंय. महिन्याला २७ युनिट. आता मेन स्विच पाडा. तरीही लुकलुकला तर मीटर आणि मेन यांच्यामधल्या वायरीत कोणाची तरी जोडणी आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवा. मेन पाडल्यावर थांबला तर एकेक एमसीबी चढवत चोर शोधा. मला आजवर सापडलेले चोर : विसरलेला सेट टॉप बॉक्स, बागेतल्या दिव्याचा सडलेला सांधा, आणि एकदा चक्क शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीची मोटर. शेवटी एकटा इन्व्हर्टर चढवून बघा. त्याची बॅटरी म्हातारी झाली असेल तर ती भरतच नाही आणि रात्रंदिवस वीज ओढत राहते.

त्याच भेटीत अर्थिंग तपासून घ्या. वीस वर्षांत खड्ड्यातलं मीठ-कोळसा वाहून गेलेलं असतं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर काम आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडून शॉकपासून वाचवणारा स्विच, नसेल तर बसवाच. यात विजेची बचत फारशी नाही, पण सावध ग्राहक सोबत इलेक्ट्रिशियन घेऊन येतो आणि तो पहिला बोर्डाकडेच जातो. परवानाधारक ठेकेदाराकडून तपासणीचा सही-शिक्क्याचा अहवाल घेतलात तर इंग्लंडच्या त्या प्रमाणपत्राच्या जागी निदान एक खरा कागद हातात राहील.

पार्किंगमध्ये सोळा अँपिअरचा एक स्वतंत्र पॉइंट टाका, वेगळा एमसीबी लावून. पाच-सात हजार लागतील. रो हाऊस बघायला येणाऱ्या चारांपैकी एकाकडे तरी हल्ली विजेची स्कूटर असते, आणि सोसायटीच्या फ्लॅटमध्ये चार्जिंगवरून भांडून कंटाळलेला माणूस हा पॉइंट बघून खूश होतो.

मग कागद. महावितरणच्या पोर्टलवरून मागच्या चोवीस महिन्यांची बिलं उतरवून घ्या. एका पानावर महिन्यावार युनिट लिहा आणि शेजारी खरं काय ते लिहा : घरात दोन माणसं, एसी एक, गच्चीचा लेप अमुक महिन्यात. हे 'दोन माणसं' लिहायचं टाळू नका. पाच जणांचं कुटुंब तुमचं दीडशेचं बिल बघून भुलेल आणि पहिल्याच मे महिन्यात साडेतीनशे आलं की तुम्हाला शिव्या घालेल. मी तर सांगेन, जमल्यास व्यवहार पाडव्यानंतरच ठरवा, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये वरच्या खोलीतलं दुपारचं तापमान रोज एका वहीत टिपून ठेवता येईल. एक साधा थर्मामीटर आणि पंधरा दिवसांच्या नोंदी. एका गृहस्थांनी असं केलं होतं. ग्राहकाने वास्तुशास्त्राचे तीन प्रश्न विचारले आणि मग ती वही अर्धा तास वाचत बसला.

सगळी बेरीज साठ ते सत्तर हजारांच्या आत बसते. पावत्या सांभाळून ठेवा. घरात कायम राहणाऱ्या भांडवली सुधारणांचा खर्च भांडवली नफ्याच्या हिशेबात धरता येऊ शकतो, किरकोळ दुरुस्ती आणि हलवता येणाऱ्या वस्तू त्यात बसत नाहीत. काय कशात मोडतं ते तुमच्या सीएला विचारा, तो माझा प्रांत नाही. उरलेले पैसे खिशात ठेवा. सोसायटीची ना हरकत, हस्तांतरण, दलाली यांत ते जाणारच आहेत.

आणि ते दोन बीएलडीसी पंखे सोबत न्यायचे असतील तर आत्ताच ठरवा आणि साठेखतात लिहा. पंखे, चिका, आरसीसीबीचा बोर्ड, काय घरात राहणार आणि काय जाणार. चावी देण्याच्या दिवशी छताच्या हुकावरून भांडणारे दोन सुशिक्षित लोक मी एकदा नाही, तीनदा पाहिले आहेत.